दुसऱ्या पाळीचा डबा

त्या मंगळवारी पहाटे मी दोन डबे भरले. पहिल्यात भात आणि वांग्याची भाजी. दुसऱ्यात दोन भाकरी, लसणाची चटणी आणि एक अख्खा कांदा. दुसरा डबा संध्याकाळपर्यंत टिकायला हवा, आणि एप्रिलच्या उन्हात भाजी दुपारीच आंबते, म्हणून दुसऱ्यात नेहमी कोरडंच असायचं.

बाबा दारात चपला घालत होते.

"दुसऱ्या डब्यात मिरची जास्त टाकत जा वो बाई," ते म्हणाले. "जंगूच्या नावानं खातो तर त्याच्या तोंडाची चव पाह्यजे ना."

"जंगूकाका मिरची कमीच खातात," मी म्हटलं.

"तुले काय मालूम. घरी सुकरी देत नाई म्हून कमी खाते."

आई चुलीजवळून हसली. मी डब्यांची झाकणं दाबली आणि पिशवीत एकावर एक ठेवले. बाबांनी पिशवी सायकलला अडकवली आणि रोजचा प्रश्न विचारला.

"तुमच्या सरकारात मानूस किती वाजेपर्यंत कामाचा राहते?"

"साडेपाचपर्यंत."

"बरं हाय. मी दोनपर्यंत हरिदास आनि दहापर्यंत जंगू."

ते गेले. मी घड्याळ पाहिलं नाही, पण आरागिरणीचा पहिला भोंगा सहाला होतो, म्हणजे साडेपाच झाले असतील.

आरागिरणी आमच्या गावाच्या टोकाला, लाकूड डेपोच्या रस्त्यावर आहे. नागभीडच्या बाजूने येणारे ट्रक तिथे रिकामे होतात. साग, ऐन, बीजा, जे लिलावात मिळेल ते चिरलं जातं. सहा ते दोन आणि दोन ते दहा अशा दोन पाळ्या. फाटकाच्या आत एक फळी आहे, तिच्यावर खिळे. प्रत्येक कामगाराचा पत्र्याचा बिल्ला असतो, त्यावर आकडा ठोकलेला. आत आलं की बिल्ला खिळ्याला लावायचा, जाताना काढायचा. हजेरीबाबू सोमाजी माणसांकडे पाहत नाही, फळीकडे पाहतो आणि वहीत लिहितो. बाबांचा बिल्ला चौदा नंबरचा. जंगू मडावींचा नऊ.

दरवर्षी मोहाच्या दिवसांत जंगूकाका पंधरा दिवस धानोऱ्याकडच्या त्यांच्या गावी जात. पहाटे फुलं गळतात, ती ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. सुकरीकाकूच्या एकटीच्या हातून ते होत नसे. त्या फुलांवर त्यांच्या घरचं अर्धं वर्ष निघे. पण गिरणीत सुट्टी मागितली की हजेरी तुटायची. वर्षात दोनशे चाळीस दिवस सलग दिसले तर कायम करू, असं मालकानं सांगितलेलं, आणि मध्ये खंड पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ते पंधरा दिवस बाबा दोन वाजता चौदा नंबर काढायचे आणि नऊ नंबर लावायचे. श्रावणात बाबांना ताप आला, तेव्हा जंगूकाकांनी चौदा नंबर लावला होता. गिरणीत सगळेच एकमेकांच्या बिल्ल्यावर उभे राहत. याला ते 'बिल्ला सांभाळणं' म्हणत, गाय सांभाळावी तसं.

मॅनेजरला हे माहीत होतं. त्याला ते सोयीचं होतं. वहीत कुणीही आठ तासांच्या वर दिसत नसे.

आणि मला माहीत होतं. मी कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात टंकलेखक आहे. छोटं कार्यालय, साहेब, मी आणि पत्रू नावाचा शिपाई. साहेब महिन्यातून एकदा गिरणीत जाऊन नोंदवह्या बघत आणि आल्यावर मला टिपण सांगत. दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, आठवड्याला अठ्ठेचाळीस. जादा काम घेतलं तर दुप्पट दर आणि वेगळ्या वहीत नोंद. हे नियम मला पाठ होते. कितीतरी संध्याकाळी मी बाबांना कायद्याचं पुस्तक वाचून दाखवलं होतं. ते कान देऊन ऐकत आणि शेवटी म्हणत, "लिहिलं तं बेस हाय."

टिपणातली एक ओळ दर महिन्याला तीच असायची. 'जादा वेळेचे काम : निरंक.' मी ती तीन वर्षं टाइप केली. ज्या महिन्यांत मी पहाटे दोन डबे भरत होते, त्या महिन्यांतही.

बाबांनी पहिल्या वर्षी हसत हसत मला बिल्ल्यांचं सांगितलं, तेव्हा मी पोळी लाटत होते. मी लाटतच राहिले. त्यांनाही उत्तराची अपेक्षा नव्हती. त्यानंतर आम्ही त्यावर फक्त थट्टा केली.

त्या मंगळवारी मी साडेपाचला टंकयंत्रावर आच्छादन घातलं, नगरपालिकेच्या वाचनालयात पुस्तक बदललं आणि घरी येऊन ओट्यावर वाचत बसले. ऊन कलत होतं. आई अंगणात पाणी शिंपडत होती. साडेसहाच्या सुमारास गिरणीतला इसरू सायकलवरून आला. तो सायकलवरून उतरला नाही. एक पाय जमिनीवर टेकवून तसाच उभा राहिला आणि माझ्याऐवजी आईकडे बघत म्हणाला, "काकी, भाऊ ओंडक्याखाली आले."

आऱ्याकडे नेणाऱ्या ट्रॉलीवर ओंडका चढवला की तो हलू नये म्हणून खाली पाचर ठोकतात. बाबांनी वीस वर्षं पाचरी ठोकल्या होत्या. त्या दिवशी त्यांचा हात उशिरा पोचला, असं इसरू म्हणाला. बाराव्या तासाला. ऐनाचा ओंडका छातीवरून गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत ते उरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी पत्रू घरी आला. तो जरा वेळ दारातच घुटमळला, मग शर्टाच्या आतून एक कागद काढला.

"टपालात आला ताई. साहेबाले द्याच्या आधी म्हटलं तुम्ही वाचा. मी लगेच घेऊन जातो."

गिरणीचा अपघात अहवाल होता. मी उभ्यानेच वाचला. हरिदास रामटेके हे पहिली पाळी संपवून दुपारी दोन वाजता बाहेर पडले होते. संध्याकाळी ते परवानगीशिवाय पुन्हा आत आले. ट्रॉलीजवळ पडलेले जळाऊ लाकडाचे तुकडे घरी नेण्यासाठी गोळा करत असताना ओंडका घसरला. त्या वेळी ट्रॉलीवर कामाला जंगू मडावी हजर होते, व त्यांनी सदर व्यक्तीस दूर होण्यास सांगितले होते.

आईने विचारलं, "काय लिहिलं?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. मी वाचून दाखवलं.

आई उठली आणि मोरीजवळ गेली. इसरूने बाबांच्या चपला आणि दोन्ही डबे आणून दिले होते. पहिला रिकामा होता, दुसरा तसाच पडून होता, झाकण लावलेला. तिने तो उघडला. भाकरींना बुरशी धरली होती. तिने त्या बाहेर टाकल्या, डबा राखेनं घासला, पुसला आणि फळीवर पहिल्या डब्याशेजारी ठेवला.

"लाकडं चोराले गेला म्हनते," ती म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतातली काडी नाई उचलली ह्या मानसानं. सतरा वर्षाचा होता तवा दीक्षेले पायी गेला नागपूरले. आल्यावर मायबापाले म्हने, आता आपन कोनाचं उष्टं नाई उचलाचं." ती माझ्याकडे वळली. "तुमच्या सरकारात हेच राहीन का लिहून?"

मी म्हटलं, "चौकशी होईल."

"तुलेच टाइप करा लागन ना ते," आई म्हणाली.

पाचव्या दिवशी जंगूकाका आले. गावाकडून परस्पर आले होते, अंगाला मोहाचा वास होता. अंगणात उकिडवे बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही, नुसतं हातात धरलं.

"मी तिथी फुलं वेचून राह्यलो होतो बाई," ते म्हणाले, "आनि इथी माझा बिल्ला खिळ्याले होता. माझ्या बिल्ल्यावर भाऊ मेला."

मी त्यांच्यासमोर ओट्यावर बसले.

"मॅनेजरनं मानूस धाडला होता गावाले. म्हने अंगठा दे कागदावर. मी ट्रॉलीवर होतो म्हून. मंग तू कायम."

"आणि नाही दिला तर?"

"मंग मी कुठी होतो? मोहावर. म्हंजे हजेरी खोटी. म्हंजे मी बाहेर. आनि एकला मी नाई. इसरू बी लच्छूच्या बिल्ल्यावर उभा होता दिवाळीत. बुधू बी. मॅनेजर म्हनते, एक खोटा निघाला तं सारी फळी तपासतो. सारे बाहेर काढतो."

आई आतून ऐकत होती. बाहेर येऊन ती खांबाला टेकून उभी राहिली. "जंगूभाऊ, चोर म्हनतात त्याले."

"मले मालूम हाय बाई." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "माझ्या तोंडातून तो शब्द नाई निघनार. मी मुकाच राहीन. पन अंगठा... तो मुका असला तरी चालते त्याईले."

मग ते माझ्याकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच मला अवघड गेलं.

"तू सरकारात हायेस. तू सांग, मी काय करू? भाऊ म्हने, माझी अंजना सारं जानते."

मला नियम माहीत होते. कलमं माहीत होती. अपघाताची नोंद किती तासांत द्यायची, चौकशी किती दिवसांत व्हायची, हेही. त्यातलं एकही मी जंगूकाकांना सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, "पाणी घ्या."

ते गेल्यावर भांड्यातलं पाणी आईने अंगणातल्या गवती चहाच्या बुंध्याशी ओतलं.

नवव्या दिवशी मी कामावर गेले. साहेब चांगले गृहस्थ होते. साताऱ्याकडचे, दोन वर्षांनी निवृत्त होणार. त्यांनी मला बसायला सांगितलं, जे ते एरवी सांगत नसत.

"उद्या गिरणीत चौकशी आहे. तुम्ही टंकनाला येऊ नका, ते योग्य दिसणार नाही. जबाब मी हातानं लिहीन. नातेवाईक म्हणून हजर राहू शकता. बोलायलाच हवं असं नाही."

"हो, साहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"रामटेकेबाई, मी नोंदवही बघतो. मला नोंदवहीच बघता येते. त्या वह्या बरोबर आहेत, असं आपण तीन वर्षं लिहीत आलोय. उद्या कुणी म्हणालं, त्या चूक आहेत, तर पहिला प्रश्न मला विचारतील. दुसरा तुम्हाला." ते थांबले. "मी हे धमकी म्हणून सांगत नाहीये."

"मला कळतंय."

कळत होतंच. घरात आता माझ्याच पगारावर चूल होती. मी माझ्या जागेवर गेले. साडेपाचला आच्छादन घातलं. त्या दिवशी वाचनालयात गेले नाही.

रात्री झोपताना आईने एवढंच विचारलं, "उद्या कोन कोन बोलन?"

"मॅनेजर. जंगूकाका."

"आनि?"

मी पाठ फिरवली.

चौकशी सकाळी अकराला होती. गिरणीच्या कचेरीत पंखा फिरत होता, त्यामुळे टेबलावरचे कागद सोमाजीने लाकडाच्या तुकड्यांनी दाबून ठेवले होते. साहेब मधे. मॅनेजर त्यांच्या उजव्या हाताला, पांढऱ्याशुभ्र शर्टात. सोमाजी हजेरीची वही पुढ्यात घेऊन. दाराबाहेर इसरू आणि आणखी सात-आठ जण उभे होते. आरा बंद होता. तो बंद असताना गिरणी किती मोठी वाटते, हे मला तेव्हा कळलं. भिंतीशी एक बाक होता, तिथे मी आणि आई बसलो. जंगूकाका उभे.

मॅनेजरने जबाब दिला. अहवालात होतं तेच, थोडं अधिक हळहळून.

"हरिदास जुना माणूस होता साहेब. आमच्या घरच्यासारखा. आता पाच-दहा तुकडे उचलले तर आम्ही काय म्हणणार होतो? मागितले असते तर गाडीभर दिले असते. पण वेळेबाहेर आत यायचं नव्हतं."

आईचा हात माझ्या मांडीवर होता. तो हलला नाही.

साहेबांनी हजेरीची वही पाहिली. "पहिली पाळी, चौदा नंबर, दोनला बाहेर. दुसरी पाळी, नऊ नंबर, दोनला आत." त्यांनी मान वर न करता विचारलं, "जंगू मडावी, त्या दिवशी दुसऱ्या पाळीत तुम्ही ट्रॉलीवर होता?"

जंगूकाका गप्प.

"बोला. भिऊ नका."

गप्प.

"तो बोलत नाही फार," मॅनेजर म्हणाला. "दोस्त होता ना साहेब, मनाला लागलंय त्याच्या. जबाब आम्ही त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहून ठेवलाय. वाचून दाखवतो, अंगठा घेऊन टाकू."

त्याने कागद वाचला. 'मी सदर व्यक्तीस दूर होण्यास सांगितले, परंतु त्याने ऐकले नाही.' या ओळीला बाहेरून कुणीतरी खाकरलं.

"असंच झालं?" साहेबांनी विचारलं.

जंगूकाकांनी मान खाली घातली होती. ती हो म्हणून घातली, की नुसतीच, हे कुणाला सांगता आलं नसतं. साहेबांनी ते हो धरलं नाही, पण नाहीही धरलं नाही. त्यांनी लेखणी हातात घेतली आणि तशीच ठेवली. ते कुणीतरी काहीतरी बोलण्याची वाट बघत होते, असं मला आज वाटतं. त्या वेळी फक्त पंख्याचा आवाज होता.

सोमाजीने शाईच्या गादीचं डबडं उघडलं. जंगूकाकांचा डावा हात धरला, अंगठा वेगळा केला आणि गादीवर दाबला. जंगूकाकांनी हात ओढून घेतला नाही. त्यांचा हात सोमाजीच्या हातात असा होता, जसा झोपलेल्या माणसाचा असतो. अंगठा निळा झाला. सोमाजीने कागद सरळ केला.

मला आठवलं की त्याच हाताने जंगूकाकांनी श्रावणात बाबांसाठी चौदा नंबर खिळ्याला लावला होता.

"थांबा," मी म्हटलं.

सोमाजी थांबला. मॅनेजरने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं, जणू बाक बोलला.

मी उठून टेबलाजवळ गेले. मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. टिपण सांगावं तसा निघाला, एकेक शब्द सुटा.

"साहेब, माझा जबाब लिहून घ्या. अंजना हरिदास रामटेके, वय सत्तावीस, टंकलेखक. त्या दिवशी दुसऱ्या पाळीत ट्रॉलीवर माझे वडील होते. नऊ नंबरच्या बिल्ल्यावर. जंगू मडावी गावी होते. मॅनेजरना ते माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं."

"बाई, तुम्ही दुःखात आहात," मॅनेजर म्हणाला. "पुरावा काय तुमच्याकडे?"

"मी."

"म्हणजे?"

"मी रोज दोन डबे भरत होते. एक दुपारचा, एक संध्याकाळचा. लाकडं उचलायला जाणारा माणूस भाकरी बांधून नेत नाही. त्यांचा दुसरा डबा इसरूने ट्रॉलीशेजारून उचलून घरी आणला. त्याला विचारा."

बाहेर कुणी हललं नाही. मग इसरूचा आवाज आला, "मीच आनला साहेब. भरेल होता."

"इसरू," मॅनेजर म्हणाला, "फळी तपासायची का?"

"तपासा ना जी," इसरू म्हणाला. "लच्छूचा बिल्ला मी सांभाळला दिवाळीत. लिहून घ्या ते बी."

साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं, कागदावर येऊ नये असं, "तुम्ही काय सांगताय, ते कळतंय ना?"

"कळतंय. पुढचंही लिहा. दर महिन्याच्या टिपणात 'जादा वेळेचे काम : निरंक' असं आहे. ते मी टाइप केलं. तेव्हा ते खरं नाही, हे मला माहीत होतं. तुम्हाला नव्हतं, मला होतं. जंगू मडावींनी कुणाला फसवलं नाही. त्यांच्या नावावरचा प्रत्येक तास कुणीतरी उभं राहून भरलेला आहे. खोटी वही गिरणीची आहे. आणि टिपण माझं."

साहेब लिहू लागले. सोमाजीने जंगूकाकांचा हात सोडला होता. जंगूकाका त्या निळ्या अंगठ्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा पुसला. पण शाई गेली नाही.

"मी मोहावर होतो," ते म्हणाले. एवढंच. साहेबांनी तेही लिहिलं.

"आणखी काही सांगायचंय?" साहेबांनी मला विचारलं.

सांगायचं संपलं होतं. मी वळून बाकाकडे निघाले. कचेरीच्या उघड्या दारातून फाटकाजवळची फळी दिसत होती. नऊ नंबरचा खिळा रिकामा होता. चौदाचाही. आईने मला बसायला जागा करून दिली, पण मी बसले नाही. बाबा बाहेर, त्या फळीपाशी सायकल लावत आहेत, पिशवी सोडत आहेत असं मला वाटलं, आणि सगळ्यांसमोर, घरात बोलते तसं, मी बोलले.

"बाबा," मी म्हटलं, "आज एकच डबा नेजा जी. दोन वाजता घरी या."